"तेव्हा कुणाला माहीतच नव्हतं" हे कितपत खरं? मिन्स्ट्रेल शो, १८४३ ते १९७८

नेपथ्या

जुन्या अमेरिकी किंवा ब्रिटिश करमणुकीवर बोलणं निघालं की एक वाक्य हमखास ऐकू येतं : "तेव्हा लोकांना त्यात काही गैर वाटत नव्हतं, त्यांना माहीतच नव्हतं." हे वाक्य कागदपत्रांवर घासून पाहावं म्हणून हा धागा. उदाहरण मिन्स्ट्रेल शोचं घेते आहे. गोऱ्या नटांनी तोंडाला काळं फासायचं आणि कृष्णवर्णीयांची नक्कल करत गायचं, नाचायचं, विनोद करायचे. हा खेळ अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये मिळून सव्वाशे वर्षांहून जास्त चालला, आणि तो चोरून नव्हे तर सहकुटुंब पाहिला गेला.

थोडी पार्श्वभूमी. टॉमस डार्टमथ राइस या नटाचा 'जिम क्रो' नाच १८३२ मध्ये न्यूयॉर्कला गाजला आणि १८३६ मध्ये लंडनला पोचला. तोवर हा प्रकार दोन अंकांच्या मधल्या वेळेपुरता असे. फेब्रुवारी १८४३ मध्ये न्यूयॉर्कला डॅन एमेट (फिडल), बिली व्हिटलॉक (बँजो), डिक पेलम (टॅम्बरीन) आणि फ्रँक ब्रोअर (हाडांच्या पट्ट्या) या चौघांनी 'व्हर्जिनिया मिन्स्ट्रेल्स' नावाने एकत्र खेळ सुरू केला आणि थोड्याच दिवसांत अख्खी संध्याकाळ याच खेळाने भरून काढली. काही वर्षांत शहरोशहरी मंडळ्या उभ्या राहिल्या. ज्या कायद्यांनी पुढे दक्षिणेतल्या राज्यांत कृष्णवर्णीयांना वेगळे डबे, वेगळ्या शाळा, वेगळे नळ दिले, त्यांना लोकांनी या नाचातल्या पात्राचंच नाव दिलं.

माझं म्हणणं असं : प्रेक्षकांचं अज्ञान ही आधीपासून असलेली रिकामी जागा नव्हती. खेळ स्वतःच ते अज्ञान तयार करत होता आणि माहिती म्हणून विकत होता. ज्यांना खरं काय ते ठाऊक होतं ते प्रत्येक टप्प्यावर बोलले, लेखी बोलले. त्यांचं म्हणणं बाजूला कसं सारलं गेलं, त्याची पद्धतही दरवेळी साधारण सारखीच दिसते. जाणकारांनी भर घालावी.

पडदा_वर_घ्या

उत्तम विषय. खेळाची रचना आधी समजून घेतली तर पुढचं सोपं जाईल. १८४० च्या दशकात ई. पी. क्रिस्टी यांच्या मंडळीने ती पक्की केली आणि मग शंभर वर्षं ती फारशी हलली नाही.

पहिला भाग : सगळे अर्धवर्तुळात खुर्च्यांवर. मधोमध इंटरलोक्युटर, म्हणजे शुद्ध, भारदस्त इंग्रजी बोलणारा सूत्रधार. दोन टोकांना टॅम्बो आणि बोन्स, वाद्यांवरूनच पडलेली नावं. सूत्रधाराने प्रश्न विचारायचा, टोकाच्याने तो चुकीचा ऐकायचा, उलटं उत्तर द्यायचं, मोठमोठे शब्द मोडूनतोडून वापरायचे. मध्ये मध्ये गाणी. दुसरा भाग 'ओलिओ' : पडद्यापुढे सुटे सुटे नग. त्यातलं 'स्टंप स्पीच' हे विडंबनात्मक भाषण ठरलेलं, विषय राजकारण किंवा स्त्रियांचे हक्क. तिसरा भाग एक छोटं प्रहसन, बहुतेक वेळा दक्षिणेतल्या मळ्यावर घडणारं, ज्यात गुलाम सुखी असतात आणि मालक प्रेमळ असतो.

आपल्या बतावणीची सवय असलेल्याला पहिल्या भागाचं यंत्र लगेच कळेल. फरक मोठा आहे. बतावणीत नाच्या-सोंगाड्या वरच्याची फजिती करतो, तेव्हा हसणारा प्रेक्षक सोंगाड्याच्या बाजूचा असतो. इथे टॅम्बो-बोन्स कधीकधी सूत्रधाराला चीत करत, पण घरी जाताना प्रेक्षकाच्या हाती उरे ते मोडकं इंग्रजी आणि 'हे लोक असेच' हा समज. शिवाय ज्यांची नक्कल चालली आहे त्यांना ती खोडून काढायला त्या मंचावर जागाच नव्हती.

तिकीट बहुधा २५ सेंट. न्यूयॉर्कच्या मेकॅनिक्स हॉलमध्ये क्रिस्टी मंडळी १८४७ पासून सुमारे सात वर्षं ठाण मांडून होती. कामगारालाही परवडणारा दर आणि रोजचा खेळ, यामुळे 'सगळेच जातात' ही अवस्था फार लवकर आली.

काजळरेघ

रंगभूषेबद्दल थोडं, कारण 'तो नुसता मेकअप होता' हे समर्थन पुढे येणारच.

साहित्य : बाटल्यांची बुचं, त्यांतही शॅम्पेनची पसंत. पत्र्याच्या भांड्यात ती पूर्ण जळेपर्यंत जाळायची, राख बारीक कुटायची आणि पाण्यात कालवून घट्टसर लेप करायचा. हा लेप तेलकट नसल्याने साबणपाण्याने निघतो. हौशी मंडळींना तो इतका सोयीचा वाटला त्याचं एक कारण हेच. लेप कपाळापासून मानेपर्यंत आणि कानांवर, हातांना तोच रंग किंवा काळे हातमोजे. ओठांभोवती रुंद पट्टी कोरी सोडायची किंवा पांढऱ्या-लाल रंगाने भरायची. वर लोकरीचा टोप.

आता हे नीट पाहा. जळक्या बुचाचा काळा रंग कुठल्याच माणसाच्या कातडीचा नसतो. तो मॅट असतो, प्रकाश गिळतो, चेहऱ्याचे उंचसखल भाग सपाट करतो. बारीक भाव दिसेनासे होतात, उरतात फक्त डोळ्यांचे पांढरे भाग आणि रुंद तोंड. म्हणून नटाला डोळे वटारावे लागतात, तोंड फाडावं लागतं, अंग झोकून द्यावं लागतं. 'हे लोक असे हावभाव करतात' असं प्रेक्षकाला वाटे. प्रत्यक्षात ती लेपाची मर्यादा होती, आणि लोक ती एका समाजाचा स्वभाव समजून घरी नेत होते. रंगभूषा तटस्थ नव्हती, अभिनय कसा होणार हे तीच ठरवत होती.

त्रयस्थ

माहिती छान. पण शंका मांडतो. एकोणिसाव्या शतकातल्या माणसाला आजच्या निकषांनी तोलणं योग्य आहे का? न्यूयॉर्कच्या गोदी कामगाराने मळा पाहिलाच नव्हता. त्याला जे दाखवलं ते त्याने खरं मानलं. यात त्याचा दोष किती?

नेपथ्या

@त्रयस्थ, प्रश्न रास्त आहे, म्हणून दोन भागांत उत्तर देते.

पाहिलं नव्हतं, हे खरंच. हा खेळ जन्मला आणि वाढला तो उत्तरेतल्या शहरांत : न्यूयॉर्क, बॉस्टन, फिलाडेल्फिया. एमेट ओहायोचे. मिन्स्ट्रेल मंचाची सर्वांत गाजलेली गाणी लिहिणारे स्टीफन फॉस्टर पिट्सबर्गकडचे. 'ओल्ड फोक्स ॲट होम' हे मळ्याच्या आठवणीने व्याकूळ झालेल्या गुलामाचं गाणं १८५१ चं. फॉस्टर यांनी खोल दक्षिणेचा प्रवास केला तो १८५२ मध्ये, गाणं छापून झाल्यावर. त्यातली सुवानी नदी त्यांनी पाहिलेली नव्हती. भावाच्या आठवणीनुसार नाव नकाशातून शोधलं, आधी दुसरीच नदी होती, ती चालीत बसेना. गाणं छापलं गेलं क्रिस्टींच्या नावावर. पुढे १९३५ मध्ये ते फ्लॉरिडाचं राज्यगीत झालं. म्हणजे न पाहिलेल्या माणसाने न पाहिलेल्यांसाठी रचलेलं चित्र ८४ वर्षांत सरकारी झालं.

यात प्रेक्षकाचा दोष कमी असेल. पण जाहिराती वाचा. मंडळ्या स्वतःला 'इथिओपियन डेलिनिएटर' म्हणवत, म्हणजे हुबेहूब चित्र काढणारे. आम्ही गंमत करतो आहोत असं नव्हे, आम्ही खरं दाखवतो आहोत असा दावा असे.

दुसरा भाग निकषांचा. फ्रेडरिक डग्लस हे गुलामीतून निसटून आलेले, स्वतःचं वृत्तपत्र चालवणारे गृहस्थ. ऑक्टोबर १८४८ मध्ये त्यांनी 'नॉर्थ स्टार'मध्ये लिहिलं की ब्लॅकफेस (तोंडाला काळं फासणारे) नट हे गोऱ्या समाजातला गाळ आहेत; निसर्गाने त्यांना नाकारलेला रंग त्यांनी आमच्याकडून चोरला आहे, पैसे कमावण्यासाठी आणि आपल्या गोऱ्या बांधवांची बिघडलेली रुची पुरवण्यासाठी. व्हर्जिनिया मिन्स्ट्रेल्सच्या पहिल्या प्रयोगाला तेव्हा जेमतेम पावणेसहा वर्षं झाली होती. हा निकष आजचा नाही, त्याच काळातला आहे, त्याच देशातला, छापील. 'त्या काळचे लोक' म्हणताना डग्लस यांना त्यातून वगळलं तरच ते वाक्य टिकतं.

त्रयस्थ

पटलं. 'त्या काळचे लोक' यात कोण मोजले जातात हा मुद्दा मी धरला नव्हता.

साक्षेपी

मग स्वतः कृष्णवर्णीय कलाकारही या खेळात होते, त्याचं काय? "त्यांनाच चालत होतं" असं सांगितलं जातं.

पडदा_वर_घ्या

होते, आणि त्यांची अवस्था पाहिली की अज्ञानाचं चक्र कसं फिरतं ते दिसतं.

विल्यम हेन्री लेन उर्फ 'मास्टर जुबा' हा अव्वल नर्तक. त्याचं म्हणून मानलं जाणारं वर्णन इंग्रज कादंबरीकार डिकन्स यांच्या १८४२ च्या अमेरिकी प्रवासवर्णनात आहे. १८४८ मध्ये तो लंडनला गेला तो मिन्स्ट्रेल मंडळीतूनच, कारण गोऱ्या प्रेक्षकांसमोर जायला दुसरं दार जवळपास नव्हतं. यादवी युद्ध संपल्यावर १८६५ मध्ये चार्ल्स हिक्स यांनी 'जॉर्जिया मिन्स्ट्रेल्स' काढली, सगळे कलाकार कृष्णवर्णीय. जाहिरात अशी की हे अस्सल, मळ्यावरून आलेले. आता अडचण बघा. बावीस वर्षं जळक्या बुचाचं चित्र पाहिलेल्या प्रेक्षकाच्या डोक्यात 'अस्सल' म्हणजे काय ते ठरून गेलं होतं. खऱ्या माणसाने त्या चित्रासारखं वागावं अशी अपेक्षा. अनेकांना स्वतःच्या चेहऱ्यावर वरून काळं लावावं लागलं.

बहामात जन्मलेले बर्ट विल्यम्स यांचं उदाहरण सर्वांत ठळक. १९१० मध्ये ब्रॉडवेच्या 'झिगफेल्ड फॉलीज'मध्ये गोऱ्या नटांबरोबर घेतलेला हा विलक्षण विनोदी नट, तिथेही काळा लेप लावूनच उभा राहिला.

डग्लस यांनीही १८४९ मध्ये एका कृष्णवर्णीय मंडळीचा खेळ पाहून लिहिलं होतं की कुठल्याही रूपात आपला माणूस गोऱ्यांसमोर उभा राहतो आहे हेही काहीतरी मिळवणं आहे, पण त्याने प्रेक्षकांच्या रुचीला शरण जाता कामा नये. तेव्हा कलाकार सामील होते याचा अर्थ दारं किती होती ते पाहून लावावा.

तारापोर_लेन

हे सगळं व्यावसायिक रंगभूमीचं झालं. माझ्या मते लोकमान्यता पक्की झाली ती हौशी खेळांमुळे, आणि त्यावर कमी बोललं जातं.

१९०० च्या आसपास मोठ्या मंडळ्या व्हॉडव्हिलपुढे (गाणी, नाच, नकला अशा सुट्या नगांचे मिश्र खेळ) मागे पडल्या. खेळ मात्र मेला नाही, तो शाळा, चर्च, अग्निशमन दल, लायन्स-एल्क्ससारखे क्लब यांच्याकडे गेला. शिकागोच्या डेनिसनसारख्या प्रकाशकांनी टपालाने पूर्ण संच पुरवायला सुरुवात केली : तयार लेपाचे डबे, टोप, विनोदांच्या पुस्तिका, संहिता, गाण्यांचे कागद, कोण कुठे बसेल याची आकृती. १९३० च्या दशकात सरकारी फेडरल थिएटर प्रोजेक्टनेही हौशी मंडळांसाठी मिन्स्ट्रेल संहितांची यादी काढली.

या संचाचं तंत्र बारकाईने पाहण्यासारखं आहे. अर्धवर्तुळातल्या कोरसला फक्त बसायचं, गायचं आणि एकत्र हसायचं असतं. त्यामुळे ज्याला अभिनय येत नाही असे पंचवीस-तीस लोक सहज मावतात. सूत्रधाराला बहुधा काळं लावत नसत, ती जागा गावातल्या प्रतिष्ठिताची : बँकेचा व्यवस्थापक, शाळेचा मुख्याध्यापक. टोकाच्या विनोदवीरांना थोडा सराव लागतो. आणि मार्गदर्शिकांतली नेहमीची सूचना अशी की विनोदांत गावातल्या लोकांची नावं घाला. महापौराचं, डॉक्टरांचं, पोलीस अधिकाऱ्याचं. पैसे शाळेला, दवाखान्याला, चर्चच्या छपराला.

परिणाम असा की ज्याला आक्षेप घ्यायचा त्याने नेमका कशाला घ्यायचा? मंचावर शेजारी आहे, सूत्रधार वरिष्ठ आहे, विनोदात स्वतःचंच नाव आहे, पैसा दवाखान्याला जातो आहे. न जाणं म्हणजे दवाखान्याच्या विरोधात जाणं. द्वेष मनात नसलेला माणूसही यात पूर्णपणे सामील होऊ शकतो. अनुरूपतेचं काम इथे कुणी भाषण देऊन करत नाही, आसनव्यवस्था करते. गावात कृष्णवर्णीय कुटुंबं नसतील तर मुलांना त्या समाजाची पहिली ओळख शाळेच्या सभागृहात, आपल्याच मुख्याध्यापकांकडून होते.

व्हर्मॉन्ट विद्यापीठात 'केक वॉक' नावाने ही परंपरा हिवाळी उत्सवाचा कळस म्हणून १९६९ पर्यंत टिकली. साठीच्या दशकात टीका वाढल्यावर काळ्याऐवजी हिरवा रंग लावायला लागले. बाकी टोप, पोशाख, चाल, सगळं तेच. ही तडजोड नेहमी फसते, कारण ज्याने मूळ पाहिलेलं आहे तो हिरव्यातही काळाच पाहतो, आणि आयोजकांना मात्र आपण सुधारणा केली असं वाटून पुढची काही वर्षं प्रश्न टळतो.

नेपथ्या

तारापोर_लेन, मुख्याध्यापकांचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मूल जे शिक्षकाकडून शिकतं त्याला ते 'समज' म्हणत नाही, 'माहिती' म्हणतं. हौशी खेळांच्या संहिता आजही ग्रंथालयांत आहेत आणि त्या वाचवत नाहीत.

लहरी_रेडिओ

रेडिओची भर घालतो.

'एमॉस अँड अँडी' शिकागोहून मार्च १९२८ मध्ये सुरू झालं, १९२९ मध्ये एनबीसीवर देशभर. फ्रीमन गॉस्डेन आणि चार्ल्स कॉरेल हे दोन गोरे कलाकार कृष्णवर्णीयांचे आवाज काढत. पंधरा मिनिटांचा भाग, संध्याकाळी ठरलेल्या वेळी. लोकप्रियता अशी की चित्रपटगृहं सिनेमा थांबवून तो भाग ध्वनिक्षेपकावर ऐकवत, नाहीतर लोक घरी थांबत. रेडिओवर लेपाचीही गरज नाही. मोडकी भाषा पुरे, चेहरा ऐकणाऱ्याचं मन काढतं.

१९३१ मध्ये 'पिट्सबर्ग कुरियर' या कृष्णवर्णीय वृत्तपत्राने तो बंद व्हावा म्हणून दहा लाख सह्यांची मोहीम उघडली. त्याच वर्षी 'शिकागो डिफेंडर' या दुसऱ्या कृष्णवर्णीय वृत्तपत्राने गॉस्डेन-कॉरेल यांना मुलांच्या सहलीत पाहुणे म्हणून बोलावलं. समाजात एकमत नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे. पण "तुमच्यातच एकमत नाही" हे कारण पुढे करून तक्रार मिटवणं सोपं जातं. एकमताची अट फक्त तक्रार करणाऱ्यांना घातली जाते.

१९५१ मध्ये सीबीएसने दूरदर्शन आवृत्ती आणली, आता कृष्णवर्णीय नट घेऊन. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेने आक्षेपांची यादीच प्रसिद्ध केली. हे लोक हलक्या प्रतीचे, आळशी, मठ्ठ आणि अप्रामाणिक असतात, हा अजाण आणि पूर्वग्रहदूषित लोकांचा निष्कर्ष या कार्यक्रमाने बळकट होतो. प्रत्येक पात्र एक तर विदूषक नाहीतर लबाड. डॉक्टर दाखवला तर भोंदू, वकील दाखवला तर निसरडा भित्रा. आणि माझ्या मते सर्वांत नेमका आक्षेप : देशभर दिसणाऱ्या दूरदर्शनवर कृष्णवर्णीयांना चांगल्या रूपात दाखवणारा दुसरा एकही कार्यक्रम नाही. गोऱ्या लबाड वकिलाचं पात्र चालतं, कारण दुसऱ्या वाहिनीवर सज्जन गोरा वकील असतो. एकच खिडकी असेल तर त्यातून दिसतं तेच सगळं जग ठरतं.

नवे भाग १९५३ मध्ये थांबले, पुनःप्रक्षेपण १९६६ पर्यंत चालू होतं.

साक्षेपी

आणि बीबीसी? धाग्याच्या नावात १९७८ आहे ते त्यामुळेच ना?

नेपथ्या

हो, आणि इथे कागदपत्रं सर्वांत बोलकी आहेत म्हणून जरा सविस्तर.

'द ब्लॅक अँड व्हाइट मिन्स्ट्रेल शो' जून १९५८ मध्ये बीबीसीवर सुरू झाला. निर्माते जॉर्ज इन्स, गायकवृंद जॉर्ज मिचेल यांचा. पुरुष गायक काळा लेप लावलेले, नर्तकी गोऱ्या, लेपाशिवाय. गाण्यांच्या साखळ्या, मध्ये न थांबता. एक संपायच्या आत पुढचं सुरू. विचार करायला उसंतच नाही. तो सुरू झाल्यावर तीन महिन्यांच्या आत लंडनच्या नॉटिंग हिलमध्ये कॅरिबियनमधून आलेल्या लोकांवर हल्ले झाले. कार्यक्रमामुळे हल्ले झाले असं मी म्हणत नाही, तसा पुरावा नाही. पण ज्या शेजाऱ्यांविषयी शहर पेटलं होतं, त्यांच्याविषयी राष्ट्रीय वाहिनी शनिवारी रात्री हे दाखवत होती.

१९६१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो दूरदर्शन महोत्सवात 'गोल्डन रोझ' हा पुरस्कार. १९६२ पासून लंडनच्या व्हिक्टोरिया पॅलेसमध्ये रंगमंचीय आवृत्ती, दहा वर्षं. साठीच्या दशकात एकेका भागाला दीड कोटीच्या वर प्रेक्षक.

माहीत नव्हतं? १९६२ मध्येच बीबीसीचे मुख्य लेखापाल बॅरी थॉर्न यांनी वरिष्ठांना लेखी कळवलं की हा कार्यक्रम अपमानकारक आहे. १९६७ मध्ये त्यांनी पुन्हा लिहिलं. त्याच वर्षी वांशिक भेदभावाविरुद्धच्या 'कार्ड' या संघटनेने बीबीसीकडे निवेदन दिलं. वरिष्ठ अधिकारी ऑलिव्हर व्हिटली यांचा थॉर्न यांना गेलेला अभिप्राय जपून राहिला आहे. त्याचा आशय : या लोकांच्या मित्रांनी त्यांना द्यावा असा उत्तम सल्ला म्हणजे, तुमचा मुद्दा आम्हाला कळतो, पण तुमच्याच भल्यासाठी कृपा करून गप्प बसा, तुलनेने क्षुल्लक लक्ष्यावर तुम्ही मोलाचा दारूगोळा वाया घालवता आहात.

पहिलं वाक्य पुन्हा वाचा. 'तुमचा मुद्दा आम्हाला कळतो.' म्हणजे वरच्या पातळीवर अज्ञान संपलेलं होतं. तरी कार्यक्रम आणखी अकरा वर्षं चालला.

कसा चालला? एक, 'ही जुनी परंपरा आहे'. दोन, 'कोट्यवधी लोकांना आवडतं', आणि या मोजणीत ज्यांची नक्कल होते ते अल्पसंख्य असल्याने सरासरीत विरघळून जातात. तीन, 'हा कौटुंबिक कार्यक्रम आहे, यात राजकारण आणू नका'. चार, वरचा व्हिटली यांचा : 'याहून मोठे प्रश्न आहेत'. १९६९ मध्ये लेप न लावता तसाच कार्यक्रम 'म्यूझिक म्यूझिक म्यूझिक' नावाने करून पाहिला, तो चालला नाही, म्हणून लेप परत आला. गाणी तीच, गायक तेच. तरी लेपावाचून कार्यक्रम उभा राहिला नाही. 'मेकअप हा गौण भाग' या समर्थनाला बीबीसीच्याच प्रयोगाने उत्तर दिलं आहे.

कृष्णवर्णीय ब्रिटिश विनोदी नट लेनी हेन्री १९७५ मध्ये, अगदी तरुणपणी, याच्या रंगमंचीय आवृत्तीत दाखल झाले आणि काही वर्षं होते. तिथे असल्याचा खेद त्यांनी पुढे जाहीरपणे व्यक्त केला आहे. त्या वयात करार पुढे आला तर नाही म्हणायला कुठली दुसरी खिडकी उघडी होती, हाच पुन्हा प्रश्न.

देवळाली_कॅम्प

बीबीसी आलीच आहे तर आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचं नाव यायलाच हवं. 'इट एन्ट हाफ हॉट मम' ही मालिका (१९७४ ते १९८१) दुसऱ्या महायुद्धातल्या देवळालीच्या छावणीतल्या ब्रिटिश सैनिकांच्या करमणूक पथकावर आहे. बेअरर (साहेबांचा नोकर) रंगी राम हे भारतीय पात्र मायकल बेट्स या इंग्रज नटाने चेहरा काळवंडून केलं.

इथे अज्ञानाचं स्पष्टीकरण अपुरं पडतं, म्हणून हे उदाहरण महत्त्वाचं. लेखकांपैकी जिमी पेरी स्वतः देवळालीला अशा पथकात होते. बेट्स यांचा जन्म झाशीचा, त्यांना उर्दू येत असे. म्हणजे माहिती होती. समर्थनही तेच दिलं जातं की त्यांना भारत माहीत होता. पण माहिती होती ती छावणीच्या आतली. चहावाला, पंखेवाला, बेअरर यांचा छावणीबाहेरचा जन्म, घर, गाव, १९४५ चं राजकारण या मालिकेत शोधून सापडत नाही. साहेबाला चहा देताना जेवढा माणूस दिसतो तेवढाच लिहिला गेला.

चहावाल्याच्या भूमिकेत ढाक्याला जन्मलेले दिनो शफीक होते, म्हणजे दक्षिण आशियाई नट मिळत नव्हते असंही नव्हतं.

जुनी_मुंबई

एक दुवा राहिला. मिन्स्ट्रेल आपल्याकडेही आला होता. डेव्ह कार्सन नावाचा कलाकार १८६०-७० च्या दशकांत मुंबई-कलकत्त्यात खेळ करत असे. ब्लॅकफेसच्या जोडीला त्याने 'बंगाली बाबू'ची नक्कल बसवली आणि ती इथल्या इंग्रजांमध्ये फार चालली. तंत्र तेच : मोडकं इंग्रजी, शिकलेल्या माणसाची खिल्ली. कलकत्त्यात अर्धेंदु शेखर मुस्तफी यांनी साहेबाची नक्कल करून त्याला मंचावरूनच उत्तर दिलं, 'मुस्तफी साहेब का पक्का तमाशा' या नावाने.

आणि १८७३ मध्ये पुण्यात जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या त्या सत्पुरुषांना अर्पण केलं ज्यांनी निग्रो लोकांना दास्यातून मुक्त केलं. त्या काळात ज्या अमेरिकेचा खेळ इथल्या मंचावर येत होता, तिच्या गुलामीचा खरा अर्थ पुण्यात बसून एका माणसाने अचूक लावला होता. मळा त्यांनीही पाहिला नव्हता. त्यांनी वाचलं होतं, आणि स्वतःच्या आसपास पाहिलं होतं.

त्रयस्थ

फुल्यांचा दाखला फार मोलाचा. 'पाहिलं नव्हतं म्हणून कळलं नाही' याला यापेक्षा चांगलं उत्तर नाही.

स्नेहसंमेलन_समिती

व्यवहाराचा प्रश्न. शाळांच्या गॅदरिंगमध्ये आजही 'आदिवासी नृत्य' म्हणून मुलांच्या चेहऱ्याला काळं फासतात, पानांचे घागरे, डोक्याला पिसं, 'झिंगालाला'. शिक्षक वाईट हेतूने करत नाहीत. हे थांबवायला नेमकं काय करावं?

तारापोर_लेन

संहिता तपासून भागत नाही, चूक बहुतेक वेळा तिथेच होते. संहितेत आक्षेपार्ह काही लिहिलेलंच नसतं. रंग, पोशाख आणि आरोळ्या शेवटच्या आठवड्यात ठरतात, बहुधा भाड्याने पोशाख देणाऱ्याकडे जे आहे त्यावरून. म्हणून गाणं निवडतानाच विचारा : कोणता समाज? 'आदिवासी' हे उत्तर घेऊ नका. वारली, कातकरी, कोरकू, गोंड, नाव हवं. नाव सांगता येत नसेल तर तो नाच बसवू नये.

समजा वारलींचा तारपा नाच ठरला. तारपा हे वाळलेल्या भोपळ्याचं आणि बांबूचं फुंकवाद्य. वादक मध्ये, बाकीचे एकमेकांच्या कमरेत हात गुंफून त्याच्याभोवती फिरतात, तारप्याकडे पाठ करत नाहीत. बायकांचं गुडघ्यापर्यंत नेसलेलं लुगडं. पानं नाहीत, पिसं नाहीत, चेहऱ्याला रंग नाही, आरोळ्या नाहीत. पालघर-डहाणू भागातून शिकवणारे कलाकार बोलावता येतात. मानधन पोशाखाच्या भाड्यातून वाचलेल्या पैशांत धरा. मुलांना पावलं अवघड जातात, विशेषतः लय बदलते तिथे, म्हणून सरावाला चार आठवडे ठेवा आणि मुलं कमी घ्या.

पोशाखासह रंगीत तालीम कार्यक्रमाच्या किमान आठ दिवस आधी. आदल्या दिवशी घेतली तर काहीही खटकलं तरी पालकांनी पैसे भरलेत, मुलं हिरमुसतील, म्हणून ते तसंच जातं. त्या तालमीला नग रद्द करण्याचा अधिकार असलेली दोन माणसं हवीत, त्यातलं एक तरी नृत्य बसवणाऱ्यांपैकी नसावं.

काजळरेघ

रंगभूषेपुरतं : मुलाच्या स्वतःच्या वर्णाशी जुळणारा बेस, बस. गडद बेसचा डबा खरेदीच्या यादीतच नको. डबा आला की कुणीतरी वापरतोच. ओठांभोवती पांढरी किंवा लाल पट्टी कुठल्याही कारणाने नको.

स्नेहसंमेलन_समिती

आणि एखाद्या पालकाने आक्षेप घेतला आणि बाकीच्या सगळ्यांना काही वाटत नसेल तर?

नेपथ्या

आक्षेप लेखी घ्या, तारीख घाला, कुणी काय निर्णय दिला आणि का तेही त्याच कागदावर लिहा. मतदान घेऊ नका. ज्या समाजाचं सोंग आहे त्या समाजाची मुलं वर्गात दोन असतील तर मतदानात ती नेहमीच हरणार. उत्तर देताना 'परंपरा', 'सगळ्यांना आवडतं', 'हेतू चांगला', 'मोठे प्रश्न आहेत' ही चार कारणं बाजूला ठेवून पाहा, पाचवं काही उरतं का. उरत नसेल तर नग बदला. पोशाखवाल्याची आगाऊ रक्कम साधारण किती दिवस आधीपर्यंत परत मिळते ते मात्र बुकिंग करतानाच विचारून घ्या.